विजयदुर्गची गोदी: किल्ल्याच्या सावलीत राहिलेला जहाजांचा कारखाना

१.
सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात वाघोटन खाडीच्या काठी जांभ्या खडकात कोरलेला एक विस्तीर्ण खळगा आहे. जुन्या नोंदींनुसार त्याची लांबी सुमारे ३५५ फूट आणि रुंदी सुमारे २२७ फूट. ओहोटीला तेथे गाळ दिसतो, भरतीला पाणी शिरते. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी मराठी आरमाराची जहाजे येथे बांधली जात, दुरुस्त होत आणि पावसाळ्यात विसावत. आजचा धागा या गोदीविषयी आहे.

२.
आरंभीच एक प्रश्न. मराठ्यांच्या आरमाराविषयी आपण बोलतो तेव्हा जलदुर्गांची नावे घेतो, सेनानींची नावे घेतो, लढायांच्या तारखा सांगतो. जहाज मात्र जणू समुद्रातून आपोआप उगवले असे गृहीत धरतो. लाकूड कोठून आले, ते कोणी तासले, जहाजाचा तळ कोठे खरवडला, मोडलेली डोलकाठी कोणी बदलली? आरमाराचे आयुष्य या प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असते.

३.
मी बुलढाणा जिल्ह्यातला. जिजाऊंचे जन्मस्थान असलेला सिंदखेडराजा आमचा. समुद्र मात्र आमच्यापासून शेकडो कोस दूर. तरीही आमच्या जिल्ह्याचे पाणी दोन्ही समुद्रांना मिळते. पूर्णा तापीला मिळून सुरतेपाशी पश्चिम समुद्रात जाते; अजिंठ्याच्या रांगेत उगम पावणारी पैनगंगा गोदावरीच्या मार्गे पूर्व समुद्राला. नद्या ज्या वाटेने गेल्या त्या वाटेने आमचा इतिहासाचा अभ्यास सहसा जात नाही. पठारावरच्या विद्यार्थ्याला गढी कळते, गिरिदुर्ग कळतो. गोदी कळायला किनाऱ्यावरच जावे लागते.

४.
प्रथम स्थळ समजून घेऊ. विजयदुर्ग हा वाघोटन खाडीच्या मुखाशी उभा आहे. उत्तर, पश्चिम आणि दक्षिण या बाजूंना पाणी. पूर्वेला पूर्वी खंदक होता, तो पुढे बुजवून रस्ता झाला. म्हणजे एके काळी हा चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला दुर्ग होता. परंपरा त्याचे मूळ शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळापर्यंत, बाराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नेते. लगतच्या गिर्ये गावावरून इंग्रजी कागदपत्रांत याचे नाव ‘घेरिया’ असे येते. शिवकाळात हा स्वराज्यात आला, विस्तारला आणि त्याला तिहेरी तटबंदी लाभली.

५.
किल्ला खाडीच्या तोंडाशी आणि गोदी खाडीच्या आत, सुमारे तीन किलोमीटरवर. ही रचना नीट पाहिली तर तिच्यामागचा विचार उलगडतो. शत्रूच्या जहाजाला गोदीपर्यंत जायचे असेल तर प्रथम किल्ल्याच्या तोफांखालून जावे लागेल. त्यानंतर उथळ, वळणावळणाच्या खाडीत शिरावे लागेल. युरोपीय युद्धनौकांचा तळ खोल असे. तिथे त्या रुतण्याची भीती. मराठी जहाजांचा तळ तुलनेने उथळ. ती भरतीबरोबर आत जात. ज्या खाडीत शत्रूला शिरता येत नाही तिथे कारखाना ठेवायचा, ही साधी पण पक्की योजना होती.

६.
आता मराठी जहाजबांधणीचा आरंभ. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यानंतर शिवाजी महाराजांनी आरमाराचा पाया घातला. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात शहाजीपुत्र युद्धनौका बांधवीत असल्याची चिंता उमटलेली दिसते. या कामावर रुई लैतांव व्हिएगश आणि त्याचा मुलगा फेर्नांव हे पोर्तुगीज कारागीर होते. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फितवले आणि ते आपल्या माणसांसह काम सोडून निघून गेले. तरीही जहाजे बांधली गेलीच. म्हणजे पहिल्या काही वर्षांतच हे कसब स्थानिक सुतार-लोहारांच्या हाती आले होते.

७.
या कारागिरांना लाकूड कसे मिळे? येथे रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ (इ. स. १७१५-१६ च्या सुमाराचे) उपयोगी पडते. आरमारासाठी लागणारे साग, शिसव यांसारखे लाकूड आपल्या अरण्यातून परवानगीने तोडावे. आंबा-फणसाची झाडे रयतेने लेकराप्रमाणे वाढवलेली असतात, त्यांना बळाने हात लावू नये. झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. जहाज हे राज्याच्या बळाचे साधन, पण ते रयतेच्या दुःखावर उभे राहू नये, ही जाणीव त्यामागे आहे.

८.
साग का? सागात नैसर्गिक तेल असते. ते खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही आणि लोखंडी खिळ्यांना फार गंजवत नाही. इंग्लंडमधील ओक लाकडाच्या जहाजांपेक्षा सागाची जहाजे अधिक काळ टिकतात, हे पुढे इंग्रजांनाही उमगले. मुंबईच्या गोदीत बांधलेले आणि १८१७ मध्ये जलावतरण झालेले ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत उभे आहे. सागाचे सामर्थ्य सांगायला एवढे एक उदाहरण पुरे.

९.
जहाजे कोणत्या प्रकारची होती? मुख्य दोन: गुराब आणि गलबत. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यांनी त्यांचे वर्णन केले आहे. गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोन डोलकाठ्यांची सुमारे १५० टनांपर्यंत. तिची नाळ पुढे लांब निमुळती असे आणि नाळेवरून थेट समोर मारा करणाऱ्या तोफा असत. गलबत त्याहून लहान, क्वचितच ७० टनांहून मोठे. त्याला शीड असे आणि ४०-५० वल्हीही.

१०.
या दोन प्रकारांतून युद्धतंत्र घडले. वारा पडला की युरोपीय जहाज जागच्या जागी अडकते. गलबत मात्र वल्ह्यांवर चालते. मग गलबते गुराबांना ओढत शत्रूच्या मागच्या बाजूस आणत. युरोपीय जहाजाच्या तोफा प्रामुख्याने दोन्ही कुशींना असल्याने मागची बाजू दुबळी. तेथून नाळेवरच्या तोफांनी डोलकाठ्या व शिडे मोडायची आणि जहाज पांगळे झाले की गलबतांतून माणसे चढवायची. थोडक्यात, जहाजाचा आकार गोदीत ठरे आणि लढाईची रीत त्या आकारातून ठरे.

११.
आता गोदीचे काम कसे चाले ते पाहू. कोकणातील भरती रोज सारखी नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, पाणी सर्वांत वर चढते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते, ती बेताची असते. उधाणाच्या पाण्यावर जहाज गोदीत आणायचे, टेकू देऊन स्थिर करायचे. ओहोटीला पाणी उतरले की जहाज कोरडे पडते. गोदीचे तोंड बंद केले की पुन्हा पाणी शिरत नाही आणि तळाचे काम निवांत करता येते. काम संपले की पुढच्या उधाणाला तोंड मोकळे करायचे आणि जहाज तरंगवायचे. पाणी उपसायला यंत्र नाही, चंद्रच यंत्र.

१२.
तळाचे काम इतके महत्त्वाचे का? लाकडी जहाजाचा खरा वैरी तोफेइतकाच समुद्रातला किडा. लाकूड पोखरणारे हे प्राणी जहाजाचा तळ आतून चाळणीसारखा करतात. शिवाय शिंपले व शेवाळ तळाला चिकटून वेग घटवतात. म्हणून तळ वरचेवर खरवडायचा, धूर-जाळ द्यायचा, फळ्यांच्या फटींत कापूस किंवा काथ्या ठासून राळ-तेलाने बुजवायच्या आणि तळाला लेप द्यायचा. हे काम एक-दोन वर्षे चुकले तर कितीही शूर खलाशी असले तरी जहाज वाचत नाही.

१३.
यात पावसाचे वेळापत्रकही गुंफलेले आहे. मृगाआधी जहाजे समुद्रातून आत यायची. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होऊ लागला की पुन्हा बाहेर पडायची. या मधल्या काळाला आरमाराची ‘छावणी’ म्हणत. तोफा उतरवायच्या, शिडे-दोर सुकवून ठेवायचे, जहाजे ओढून घ्यायची. वर दिलेली मापे आयताची धरली तर या गोदीचे क्षेत्र पावणेदोन एकरांहून थोडे अधिक भरते. तिथे एकाच वेळी अनेक जहाजे ठेवता येत असणार, हे त्या आकारावरूनच स्पष्ट होते.

१४.
गोदीचा वैभवकाळ आंग्र्यांचा. सरखेल कान्होजी आंग्रे यांनी अठराव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही साखळी बळकट केली. १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने त्यांनी छत्रपती शाहूंचा पक्ष स्वीकारला आणि सरखेलपद व किल्ल्यांचा ताबा त्यांच्याकडे कायम झाला. त्यांच्या समुद्रातून व्यापार करायचा तर त्यांचे दस्तक घ्यावे, असा त्यांचा आग्रह. पोर्तुगीज हेच ‘कार्ताझ’ नावाने दोनशे वर्षे करीत होते. पोर्तुगिजांनी केले तर राज्याचा हक्क आणि कान्होजींनी केले तर चाचेगिरी, ही इंग्रजी कागदपत्रांची भाषा आजही काही पुस्तकांत तशीच उतरलेली आढळते. वाचताना सावध असावे.

१५.
विजयदुर्गावर हल्ले झाले आणि फसले. १७१७ मध्ये इंग्रजांनी प्रयत्न केला. १७२० मध्ये ‘फ्राम’ नावाचा तरंगता तोफखाना घेऊन ते पुन्हा आले. १७२४ मध्ये डच आरमार आले. किल्ला अभंग राहिला. या काळाचे श्रेय आपण तटबंदीला देतो आणि ते योग्यच आहे. परंतु प्रत्येक मोहिमेनंतर मोडलेली जहाजे पुढच्या हंगामात पुन्हा समुद्रावर दिसत होती, याचे श्रेय खाडीतल्या सुतारांचे आहे.

१६.
४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. पुढे सेखोजी, आणि १७३३ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर भाऊबंदकी. मानाजींकडे कुलाबा, संभाजींकडे सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग. घर फुटले आणि आरमारही विभागले गेले. संभाजींनंतर विजयदुर्ग तुळाजी आंग्रे यांच्याकडे आला. तुळाजी दर्यावर्दी म्हणून असामान्य होते. १७४९ मध्ये त्यांनी ‘रिस्टोरेशन’ हे मुंबईकर इंग्रजांचे उत्तम लढाऊ जहाज पकडले. १७५४ मध्ये डचांच्या तीन जहाजांचा फडशा पाडला. मात्र पुण्याच्या पेशव्यांशी त्यांचे विळ्या-भोपळ्याचे सख्य होते आणि शेजारच्या मराठी सरदारांच्या मुलखालाही त्यांचा उपद्रव होत होता.

१७.
येथून या कथेतील सर्वांत वादग्रस्त भाग सुरू होतो. १९ मार्च १७५५ रोजी पेशव्यांच्या वतीने आणि मुंबईकर इंग्रजांमध्ये तुळाजींविरुद्ध करार झाला. एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्स याने सुवर्णदुर्ग घेतला. त्या हिवाळ्यात ॲडमिरल चार्ल्स वॉटसन याच्या राजनौका आणि रॉबर्ट क्लाइव्हचे सैन्य मुंबईत होते. मोहीम विजयदुर्गावर वळली. निघण्यापूर्वीच इंग्रज अधिकाऱ्यांनी लुटीची वाटणी आपापसांत ठरवून ठेवली होती. त्यात मित्र म्हणवणाऱ्या मराठ्यांचा वाटा नव्हता.

१८.
१२ फेब्रुवारी १७५६. तुळाजी स्वतः पेशव्यांच्या छावणीत बोलणी करायला गेले होते. त्यांचे आरमार किल्ल्याच्या आश्रयाला, खाडीत, जवळजवळ नांगरून उभे होते. वॉटसनच्या नौकांनी मारा सुरू केला. एक पेटता गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला, तेच इंग्रजांकडून जिंकलेले जहाज. आग शेजारच्या जहाजांना लागली. वॉटसनच्या नौकेवरील शल्यवैद्य एडवर्ड आइव्ह्ज याने या मोहिमेचा वृत्तांत लिहिला आहे. त्यानुसार ज्वाळा आरमारातून किनाऱ्यावरच्या एका मोठ्या जहाजाला, तेथून बांधणी चालू असलेल्या लहान जहाजांना आणि तेथून कोठारे व वस्तीपर्यंत पोहोचल्या.

१९.
‘बांधणी चालू असलेली जहाजे’. हे चार शब्द वाचताना थांबावेसे वाटते. उभी जहाजे जळाली म्हणजे वर्तमान जळाले. पण सांगाड्यावर असलेली, अजून पाणीही न पाहिलेली जहाजे जळाली म्हणजे पुढची काही वर्षे जळाली. दुसऱ्या दिवशी, १३ फेब्रुवारीस, किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. सुमारे दहा लाख रुपयांची लूट आणि शेकडो तोफा त्यांना मिळाल्या. तुळाजींचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

२०.
मग मराठ्यांचे आरमार पेशव्यांनी बुडवले का? समाजमाध्यमांवर हा प्रश्न दर महिन्याला उसळतो आणि बहुधा शिवीगाळीत संपतो. आपण पुरावे तोलून पाहू. नानासाहेब पेशव्यांना स्वतंत्र वागणारा सरदार नमवायचा होता. जहाजे जाळणे हा त्यांचा उद्देश असल्याचे करारावरून दिसत नाही. उलट किल्ला व आरमार त्यांना स्वतःसाठीच हवे होते. तथापि ज्या सत्तेला समुद्रावर प्रतिस्पर्धी नको होता तिलाच त्यांनी खाडीच्या तोंडापर्यंत आणले. उद्देश आणि परिणाम यांत अंतर असते. राजकारणात परिणामाची जबाबदारी टाळता येत नाही. माझ्या मते हा राजद्रोह नव्हता, पण दूरदृष्टीचा मोठा अभाव होता.

२१.
या घटनेची व्याप्ती कोकणापुरती नाही. वॉटसनच्या ताफ्यातील ‘केंट’, ‘टायगर’ आणि ‘सॅलिसबरी’ या नौका पुढील वर्षी, मार्च १७५७ मध्ये, बंगालमधील फ्रेंचांच्या चंद्रनगरवर तोफा डागत होत्या. क्लाइव्हही तिथेच होता. २३ जून १७५७ रोजी प्लासी झाली. घेरिया ते प्लासी हे अंतर अवघ्या सोळा महिन्यांचे. शाळेच्या पुस्तकात हे दोन प्रसंग वेगवेगळ्या धड्यांत येतात. माणसे आणि नौका मात्र त्याच होत्या.

२२.
गोदीची गोष्ट मात्र १७५६ ला संपली नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. ऑक्टोबर १७५६ च्या तहाने इंग्रजांनी बाणकोट व त्याभोवतीची दहा गावे घेतली आणि विजयदुर्ग मराठ्यांना परत केला. पेशव्यांनी येथे ‘सुभा आरमार’ उभे केले आणि ते पुढे धुळप घराण्याकडे आले. राखेतून पुन्हा जहाजे उभी राहिली. ८ एप्रिल १७८३ रोजी आनंदराव धुळपांच्या आरमाराने ‘रेंजर’ हे इंग्रज जहाज घनघोर लढाईनंतर पकडून विजयदुर्गात आणले. सालबाईचा तह आधीच झालेला असल्याने ते पुढे सोडण्यात आले. जहाजे जाळता येतात; कारागिरांच्या हातातले ज्ञान एका दिवसात जळत नाही, याचा हा पुरावा.

२३.
तरीही काहीतरी कायमचे बदलले होते. मुंबईत १७३५-३६ मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या गोदी सांभाळली. १७५० च्या दशकात तेथे कोरड्या गोद्या झाल्या. १८१३ मध्ये तेथून ‘कॉर्नवॉलिस’ ही मोठी युद्धनौका बाहेर पडली, जिच्यावर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला. विजयदुर्गच्या सुतारांत कसबाची उणीव नव्हती. मुंबईपाशी अखंड पैसा होता, एकच धनी होता आणि नकाशे-हिशेब जपून ठेवण्याची रीत होती. विजयदुर्गचे धनी बदलत राहिले. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला आणि या गोदीला आरमारच उरले नाही.

२४.
या गोदीवर ज्यांनी काम केले त्यांची नावे कोणत्या शिलालेखावर नाहीत. सुतार, लोहार, दोर वळणारे, शिडे शिवणारे. खलाशांत कोळी, भंडारी, गाबीत, दालदी. आपल्या इतिहासात सरखेल आहेत, सुभेदार आहेत. तळ खरवडणारा माणूस नाही. आरमार संपले तेव्हा यांपैकी कित्येकांना मासेमारीच्या होड्या, मालाची गलबते, शेती किंवा मुंबईची वाट धरावी लागली असणार. किनाऱ्यावरच्या होडीबांधणीत त्या कसबाचा काही अंश उतरला असेल, तर तो टिपून ठेवण्याची वेळ हीच आहे. लाकडी होडी बांधणारे हात आता कमी होत आहेत.

२५.
प्रत्यक्ष भेटीविषयी. विजयदुर्ग आणि गोदी एका दिवसात नीट पाहता येतात. मी तसेच पाहिले. आमच्याकडून मलकापूर किंवा शेगावहून रेल्वेने मुंबई, तेथून कोकण रेल्वेने वैभववाडी किंवा कणकवली, आणि मुंबई-गोवा महामार्गावरील तळेरे येथून विजयदुर्गचा सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे कोष्टक अवश्य पाहा. सकाळी किल्ला, ओहोटीच्या वेळी गोदी आणि परतताना गिर्ये येथील रामेश्वर मंदिर, असा क्रम सोयीचा. मंदिराकडे उतरणारी वाट खडक फोडून केलेली आहे; गोदी कोरणाऱ्या हातांची आठवण करून देणारी.

२६.
गोदीत उतरून पाहण्यासारखे काय? जांभा कापल्याच्या सरळ कडा पाहा. खाडीच्या पाण्याची भरतीची खूण खडकावर कोठपर्यंत आहे ते पाहा. त्यावरून जहाज किती पाण्यावर आत येत असेल याचा अंदाज बांधता येतो. मग काठावर उभे राहून किल्ल्याच्या दिशेने नजर टाका. पुस्तकात ‘सुरक्षित बंदर’ हे दोन शब्द असतात. तिथे उभे राहिल्यावर वळण, खोली आणि वारा यांच्यासकट त्यांचा अर्थ कळतो. गाळात खोल जाऊ नका, आणि पाणी चढू लागले की निमूट बाहेर या.

२७.
एक छोटे विषयांतर. किल्ल्यावर ‘हेलियमचा शोध येथे लागला’ असे अभिमानाने सांगितले जाते. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण खरे. भारतातून त्याची निरीक्षणे झाली हेही खरे. मात्र फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते आणि नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी आपले गाजलेले निरीक्षण ऑक्टोबरमध्ये तिथूनच केले. गंमत अशी की, जे घडले नाही त्याची कथा सर्वांना पाठ आहे आणि जे शंभराहून अधिक वर्षे रोज घडत होते, ती जहाजबांधणी कोणी सांगत नाही.

२८.
जगात अशा स्थळांचे काय करतात? सिडनीच्या बंदरात कॉकाटू नावाचे बेट आहे. तिथे कैद्यांकडून खडक फोडून घेऊन फिट्झरॉय गोदी बांधली गेली. १८५७ मध्ये ती पूर्ण झाली. पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे तिथे जहाजांचे काम चालले. आज गोदी बंद आहे, पण लोक फेरीबोटीने दिवसभराच्या सहलीला जातात. कोरडी गोदी, याऱ्या, कार्यशाळा पाहतात आणि ती खोदणाऱ्या कैद्यांचीही गोष्ट ऐकतात. २०१० मध्ये हे बेट इतर बंदिवान-स्थळांसह जागतिक वारसा यादीत आले. आपली गोदी त्याहून शतकभर जुनी आहे.

२९.
जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यात विजयदुर्गही आहे. आनंदाचीच गोष्ट. या नावातील ‘भूदृश्ये’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. किल्ला म्हणजे केवळ तट आणि बुरूज नव्हे. त्याची खाडी, त्याचे रान, त्याची गोदी, त्याच्या माणसांची वस्ती मिळून ते दृश्य पुरे होते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी विजयदुर्ग परिसरातील दगडी नांगरांचा अभ्यास केला आहे. पाण्याकाठचा पुरावा किती बोलका असतो हे त्यातून दिसते. पण गाळ रोज थोडा चढतो आणि भरती रोज कडा थोड्या झिजवते. गोदीला वाट पाहायला वेळ नाही.

३०.
म्हणून एक विनंती. किनाऱ्यावरच्या मित्रांनी आपल्या खाडीतील जुन्या गोद्या, जहाज ओढण्याच्या जागा, होड्या बांधणाऱ्या घराण्यांच्या आठवणी आणि कामातील शब्द टिपून ठेवावेत. छायाचित्र घ्यावे, तारीख घालावी, दगड मात्र जागचा हलवू नये. आणि पठारावरच्या मित्रांनी पुढच्या सुट्टीत एखादा किल्ला कमी पाहिला तरी चालेल, पण ही गोदी पाहावी. तुमच्या भागात अशी एखादी जागा ठाऊक असेल तर खाली अवश्य लिहा. पुढील धागा कुलाबा आणि सर्जेकोटाविषयी.